वायर निघाली, आता ड्रायव्हरने काय करायचं?

वाचकांचे प्रश्न, या वेळी काटा, केबल आणि पेनड्राइव्ह

मागच्या अंकात ‘चालू यंत्राची केबल निघाली तर’ ड्रायव्हरने, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या त्या यंत्राशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमने, काय करायचं यावर मी ओझरती दोन वाक्यं लिहिली आणि त्यावर पत्रं आली. जागेसाठी ती छोटी करून देते आहे. ज्यांना कोडात रस नाही त्यांनी दुसरं उत्तर खुशाल ओलांडून पुढे जावं.

प्रश्न : ताई, नमस्कार. पिंपळगाव बसवंतजवळ आमचा वजनकाटा आहे. कांद्याचे ट्रॅक्टर, पिकअप येतात. काट्याच्या इंडिकेटरची सिरियल वायर कन्व्हर्टरला आणि तिथून कॉम्प्युटरच्या यूएसबीला जाते. भाच्याने उबंटूवर सॉफ्टवेअर करून दिलं आहे. शेजारच्या शेडमधली मोटर सुरू झाली की कधी कधी स्क्रीनवरचं वजन जागीच थांबतं आणि कॉम्प्युटरचा पंखा जोरात फिरायला लागतो. सॉफ्टवेअर बंद करून उघडलं तर ‘पोर्ट सापडत नाही’ म्हणतं. वायर कोणी हलवलेली नसते. कन्व्हर्टर विकणारा म्हणतो, ड्रायव्हर खराब आहे. खरं काय?

उत्तर : ड्रायव्हरवर नाव टाकणं सगळ्यात सोपं, तो काही उठून उत्तर देत नाही. तुमच्या पत्रातल्या लक्षणांवरून ड्रायव्हरने त्याचं काम केलेलं दिसतं. त्याने दिलेला निरोप वरच्या सॉफ्टवेअरने ऐकला नाही.

आधी मोटरचं बघू. वायर हलली नाही तरी कॉम्प्युटरच्या दृष्टीने ती निघू शकते. तुमच्यासारख्या कन्व्हर्टरमध्ये १.५ किलो-ओहमचा एक रेझिस्टर डेटाच्या एका तारेचं व्होल्टेज वर ओढून धरतो. ती तार वर आहे तोवर हब, म्हणजे यूएसबीची भोकं सांभाळणारा भाग, म्हणतो, कोणीतरी जोडलेलं आहे. दोन्ही तारा काही मायक्रोसेकंद खाली पडून राहिल्या की हबच्या लेखी पाहुणा गेला. मोटरचा स्टार्टर ओढला जाताना जो विजेचा गोंगाट उठतो, त्यात हब गोंधळून पोर्ट बंदही करतो. हा प्रकार इतका जुना आहे की तुमचं उबंटू ज्यावर चालतं त्या लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, त्यासाठी खास संदेश लिहून ठेवलेला आहे, ‘डिसेबल्ड बाय हब (ईएमआय?), री-एनेबलिंग’. ईएमआय म्हणजे हाच गोंगाट. कंसातलं प्रश्नचिन्ह मूळचं आहे, लिहिणाऱ्यालाही खात्री नव्हती. पुढच्या वेळी वजन थांबलं की भाच्याला ‘डीमेसेज’ ही आज्ञा देऊन ही ओळ दिसते का ते बघायला सांगा.

आता पंखा. कन्व्हर्टर गेला की कर्नल त्या पोर्टचा ‘हँगअप’ करतो, फोन ठेवून दिल्यासारखा. त्यानंतर सॉफ्टवेअरने ‘वाचायला काही आहे का?’ विचारलं तर उत्तर ‘हो’ येतं, आणि वाचायला गेलं तर शून्य बाइट मिळतात. संपलं, असा त्याचा अर्थ. भाच्याच्या प्रोग्रॅमला तो कळत नसावा, म्हणून तो पुन्हा विचारतो, पुन्हा ‘हो’, पुन्हा शून्य. सेकंदाला हजारो वेळा. पंखा त्याचाच. पायथनची नेहमीची सिरियल लायब्ररी अशा वेळी स्वच्छ अपवाद (एक्सेप्शन) फेकते, ‘वाचायला तयार म्हणतंय पण डेटा आला नाही, डिव्हाइस निघालं का?’ अशा अर्थाचा. भाच्याने तो पकडून गिळला असण्याची दाट शक्यता आहे. ‘एक्सेप्ट : पास’ असं काही आहे का, तेवढं शोधायला सांगा.

पोर्ट सापडत नाही त्याचं कारणही इथेच आहे. कन्व्हर्टर क्षणात परत आला, पण ‘टीटीवाय-यूएसबी-०’ हा क्रमांक जुन्या, न सोडलेल्या फाइलकडे अडकून पडला होता. म्हणून परत आलेल्याला १ क्रमांक मिळाला. तुम्ही सॉफ्टवेअर बंद करून उघडलंत, ते ० शोधत बसलं. यावर उपाय आहे : क्रमांकाने न उघडता ‘/डेव्ह/सिरियल/बाय-पाथ’ या फोल्डरमधल्या नावाने उघडायचं. ते नाव कन्व्हर्टर कोणत्या भोकात लावला आहे त्यावरून ठरतं. शेजारी ‘बाय-आयडी’ही असतं, पण ते चिपच्या सिरियल नंबरावर चालतं आणि सीएच ३४० जातीच्या स्वस्त चिपमध्ये बहुधा तो नंबरच नसतो. दोन सारखे कन्व्हर्टर असले की तिथे घोळ होतो.

हे सगळं एकीकडे. मला त्या पंख्यापेक्षा स्क्रीनवर थांबून राहिलेला आकडा जास्त टोचतो. पुढचा ट्रॅक्टर प्लेटवर चढला आणि पावतीवर मागच्याचं वजन छापलं गेलं, तर भांडण शेतकऱ्याशी होणार, आणि त्यात तुम्ही खोटे ठरणार. इंडिकेटर सतत वजन पाठवण्याच्या मोडवर असेल तर सेकंदाला अनेक आकडे येत असतात. दोन सेकंद काही आलं नाही की सॉफ्टवेअरने आकडा पुसून तिथे ‘काटा जोडलेला नाही’ असं लाल अक्षरात लिहायचं आणि पावतीचं बटण बंद करायचं. शिळा आकडा दाखवण्यापेक्षा काही न दाखवलेलं बरं.

हे दोन सेकंदांचं घड्याळ आणखी एका कारणासाठी हवं. इंडिकेटर आणि कन्व्हर्टर यांच्यामधली सिरियल वायर निघाली तर कर्नलला काहीच कळत नाही. त्याच्या दृष्टीने कन्व्हर्टर जागेवर आहे, फक्त गप्प आहे. प्लेटवर गाडी नाही म्हणून गप्प, इंडिकेटरची लाईट गेली म्हणून गप्प, की वायर तुटली म्हणून गप्प, हे ड्रायव्हर ओळखू शकत नाही. ते वरच्यानेच ठरवायचं.

आणि वायरिंग बदला. अंतर सिरियल वायरने कापा, यूएसबीची केबल हातभर ठेवा. पुष्कळ काट्यांवर मी नेमकं उलटं पाहिलंय, ऑफिसपर्यंत लांबलचक यूएसबी ओढलेली. यूएसबी २.० ला पाच मीटर ही हद्द आहे, आणि मोटरशेजारी तीही जास्तच.

प्रश्न : मॅडम, मी सिन्नरजवळच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. मशीनची कंपनं मोजणाऱ्या बोर्डासाठी यूएसबी ड्रायव्हर लिहिला आहे. सगळं चालतं, पण रीडिंग चालू असताना केबल काढली की आधी लॉग भरून वाहतो आणि मग कर्नल कोलमडून ‘ऊप्स’ देतो. डिस्कनेक्ट फंक्शनमध्ये मी मेमरी व्यवस्थित फ्री केली आहे. कोड सोबत जोडला आहे.

उत्तर : मेमरी व्यवस्थित फ्री केलीस, म्हणूनच ऊप्स येतो आहे!

तू एक गोष्ट गृहीत धरली आहेस, की बोर्ड गेला म्हणजे बोर्डाशी संबंधित सगळं गेलं. पण तुझ्या ग्राफ काढणाऱ्या प्रोग्रॅमने ‘/डेव्ह’मधली फाइल उघडून धरली आहे. त्याच्या हातात अजून दोरी आहे, आणि ती तुझ्या स्ट्रक्चरला बांधलेली आहे. तू डिस्कनेक्टमध्ये ‘केफ्री’ म्हणालास, तो पुढच्या क्षणी रीड म्हणाला, आणि तुझं रीड फंक्शन मोकळ्या केलेल्या मेमरीत शिरलं. हार्डवेअरचं आयुष्य संपण्याची वेळ आणि स्ट्रक्चरचं आयुष्य संपण्याची वेळ वेगळी असते. पहिली केबल काढणाऱ्याच्या हातात, दुसरी फाइल बंद करणाऱ्या शेवटच्या माणसाच्या हातात. म्हणून संदर्भ मोजायचे, ‘केरेफ’ने. ओपनमध्ये एक घे, रिलीजमध्ये एक सोड. डिस्कनेक्टही आपला एक सोडेल. शून्य होईल तेव्हाच केफ्री, आणि ते कोणाच्या हातून होईल याची तुला फिकीर नको.

याच कारणाने तुझं ‘डेव्हएम’वालं अलोकेशन काढून टाक. ते सोयीचं आहे, मान्य, प्रोबमध्ये घेतलेलं आपोआप परत जातं. पण ते परत जातं ड्रायव्हर डिव्हाइसपासून सुटताना, फाइल बंद होताना नव्हे. उघड्या फाइलमधून जिथपर्यंत पोचता येतं ती कोणतीही मेमरी डेव्हएमने घेऊ नये. अनुभवी लोकांच्या ड्रायव्हरमध्येही ही चूक सापडते, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस.

आता क्रम. प्लग उपसला त्या क्षणी तुझ्या ड्रायव्हरला कोणी सांगत नाही. हबला आधी कळतं, मग होस्ट, म्हणजे कॉम्प्युटर, हबला विचारतो तेव्हा त्याला कळतं. बाहेरच्या हबवर यात पाव सेकंदापर्यंत जाऊ शकतो. त्या पाव सेकंदात तुझे यूआरबी (बोर्डाकडे पाठवलेल्या यूएसबी विनंत्या) ‘प्रोटोकॉल एरर’ किंवा टाइमआउट घेऊन परत येत राहतात. तुझा कम्प्लिशन हँडलर प्रत्येक चुकीवर लॉग लिहितो आणि लगेच तोच यूआरबी पुन्हा सबमिट करतो. लॉग वाहतो तो इथून. ‘शटडाउन’ किंवा ‘नो सच डिव्हाइस’ असा कोड आला तर पुन्हा सबमिट करायचंच नाही. प्रोटोकॉल एरर आला तर थोडं थांब. कर्नलचा माउस-कीबोर्डचा ड्रायव्हर काय करतो बघ : १३ मिलिसेकंद थांबून प्रयत्न, मग २६, ५२, १०४ आणि पुढे १०४ वरच. एवढ्यात डिस्कनेक्ट आलं तर प्रश्न मिटला, नाही आलं तर खरंच लाइनवर गोंगाट होता आणि माउस पुन्हा चालू लागतो. हे मला फार आवडतं. केबल निघाली की नुसती खरखर आहे हे त्या क्षणी कोणालाच माहीत नसतं, आणि हा ड्रायव्हर माहीत असल्याचा आव आणत नाही.

डिस्कनेक्ट आल्यावर सर्वात आधी दार लावायचं. ‘/डेव्ह’मधलं नाव काढून टाक, म्हणजे नवा कोणी उघडणार नाही. मग लॉक घेऊन ‘गेलं’ असा झेंडा उभा कर. तुझ्याकडे झेंडा आहे, पण लॉकशिवाय. रीड फंक्शन झेंडा तपासतं, ‘आहे’ म्हणतं, आणि यूआरबी टाकायला जातं तेवढ्यात डिस्कनेक्ट मधून निघून जातं. तपासणं आणि वापरणं एकाच लॉकच्या आत असलं पाहिजे, नाहीतर तो झेंडा शोभेचा. लॉक सोडलं की ‘किल यूआरबी’ने चालू असलेले सगळे यूआरबी मार. हे फंक्शन कम्प्लिशन हँडलर संपेपर्यंत थांबतं, म्हणून त्यानंतर बफर मोकळा करायला हरकत नाही. टायमर आणि वर्कक्यूही तसेच, ‘सिंक’ जातीच्या फंक्शनने रद्द कर. शेवटी जे डेटाची वाट बघत झोपले आहेत त्यांना उठव. तुझ्या ‘वेट इव्हेंट’ची अट फक्त ‘डेटा आला का’ एवढीच आहे. ती ‘डेटा आला किंवा बोर्ड गेला’ अशी हवी, नाहीतर उठलेला प्रोग्रॅम डेटा नाही बघून पुन्हा झोपेल, आणि आता त्याला उठवणारं कोणी नाही. उठल्यावर त्याला ‘नो सच डिव्हाइस’ परत दे. शून्य देऊन गप्प बसू नकोस.

‘लॉक सोडलं की’ हे मी मुद्दाम लिहिलं. लॉक हातात ठेवून तू वर्कक्यू रद्द करायला गेलास आणि त्या वर्कलाही तेच लॉक हवं असलं, तर दोघं एकमेकांकडे बघत बसतात. दोन मिनिटांनी लॉगमध्ये ‘१२० सेकंदांपेक्षा जास्त अडकलेला’ अशी तक्रार येते, आणि तोवर त्याच हबवर नवा माउस लावलास तरी ओळखला जात नाही, कारण हबचं काम करणारा धागाच तुझ्या फंक्शनमध्ये उभा आहे.

एक बारकी गोष्ट, जी परीक्षक विचारतील. डिस्कनेक्ट आलं म्हणजे केबल निघालीच असं नाही. कोणी मोड्यूल उतरवलं किंवा सिसफएसमधून, म्हणजे कर्नलच्या ‘/सिस’ फोल्डरातून, ड्रायव्हर सोडवला तरी हेच फंक्शन येतं, आणि तेव्हा बोर्ड टेबलावर जिवंत असतो. फंक्शन परतल्यावर त्याला दुसरा ड्रायव्हर चिकटू शकतो. तेव्हा ‘गेलंच आहे, आता काय थांबवायचं’ असं म्हणून यूआरबी चालू ठेवू नकोस, आणि ‘बंद हो’ ही आज्ञा बोर्डापर्यंत पोचेलच असंही धरू नकोस. पाठव, नाही पोचली तर पुढे जा.

कर्नलच्या सोर्समध्येच ‘यूएसबी-स्केलेटन’ नावाची नमुना फाइल आहे. तिचं डिस्कनेक्ट फंक्शन मोजक्या ओळींचं आहे. आज रात्री ते वाच आणि मग तुझ्या कोडाला हात लाव.

प्रश्न : मी नाशिकरोडला शाळेत शिकवते. पेनड्राइव्ह काढताना ‘सेफली रिमूव्ह’ करावंच लागतं का? माझा मुलगा सरळ उपटतो आणि म्हणतो काही होत नाही.

उत्तर : मुलाचं अर्धं बरोबर आहे. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या ड्राइव्हसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हेच मूळ सेटिंग आहे. त्यात लिहायचं काम साठवून ठेवलं जात नाही, म्हणून कॉपी संपलेली असेल तर सहसा नुकसान होत नाही. लिनक्सवर मात्र ‘कॉपी झाली’ दिसलं तरी डेटा मेमरीतच असू शकतो. मूळ सेटिंगमध्ये तो तीस सेकंदांपर्यंत तिथे पडून राहतो.

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदाघाटावरचे दुकानदार नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात. पाणी मूर्तीच्या गुडघ्याला, कमरेला लागलं की माल उचलायला वेळ मिळतो. ‘सेफली रिमूव्ह’ म्हणजे ती आगाऊ सूचना. विंडोज तेव्हा ड्रायव्हरला आधी विचारतं, ‘काढू का?’ आणि फाइल उघडी असेल तर तो नाही म्हणू शकतो. उपटल्यावर विचारणा नसते, थेट ‘सरप्राइज रिमूव्हल’ येतं. प्रश्नपत्रिका असलेला पेनड्राइव्ह असेल तर मुलाचं ऐकू नका.

प्रश्न : अंबडला आमचं तपासणीचं युनिट आहे. कॅमेऱ्याचं पीसीआय एक्स्प्रेस कार्ड वेगळ्या डब्यात बसवून केबलने कॉम्प्युटरला जोडलं आहे. डब्याची लाईट गेली की अख्खा कॉम्प्युटर गोठतो. यूएसबी कॅमेरा निघाला तर असं होत नाही. फरक का?

उत्तर : यूएसबीत मध्ये होस्ट कंट्रोलर, म्हणजे कॉम्प्युटरच्या बाजूने यूएसबी सांभाळणारी चिप, असतो, तो ‘चूक झाली’ असं कळवतो. पीसीआय कार्डाचं रजिस्टर, म्हणजे कार्डावरची आकडा ठेवायची जागा, प्रोसेसर थेट मेमरीसारखं वाचतो, आणि त्या वाचण्यात चूक कळवायला जागाच नाही. कार्ड नसेल तर कॉम्प्युटर सगळे बिट १ करून देतो. बत्तीस बिटांचं रजिस्टर असेल तर ४,२९,४९,६७,२९५.

तुमच्या कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये कुठेतरी ‘बिझी बिट शून्य होईपर्यंत फिरत राहा’ अशी ओळ असणार. कार्ड गेल्यावर तो बिट कायमचा १ आहे. ते लॉक धरून फिरणं चालू असेल तर बाकीचंही हळूहळू थांबत जातं. लिहिलेल्या आज्ञा तर निमूटपणे हवेत जातात.

कार्ड विकणाऱ्याकडे सोर्स मागा किंवा त्याच्याकडून दोन गोष्टी करून घ्या. प्रत्येक फिरण्याला वेळेची मर्यादा. आणि वाचलेली किंमत वापरण्याआधी ‘सगळे एक’ आहेत का ही तपासणी. खरंच तशी किंमत येऊ शकणारं रजिस्टर असेल तर व्हेंडर आयडी (कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक) वाचून खात्री करायची, कारण सगळे एक असा व्हेंडर आयडी कोणालाच दिलेला नाही. काही जण कामाच्या सुरुवातीला एकदा ‘कार्ड आहे का’ विचारून निर्धास्त होतात. त्या विचारण्यानंतर पुढच्याच ओळीला लाईट जाऊ शकते, आपल्याकडे हे वेगळं सांगायला नको. हाती आलेली किंमतच तपासायची.

तोवर डब्याला आणि कॉम्प्युटरला एकच यूपीएस लावा. हे ड्रायव्हरचं औषध नाही, पण सोमवारी सकाळी काम सुरू होईल.

प्रश्न : सातपूरहून लिहितो. आम्ही छोटी यूएसबी उपकरणं बनवतो. केबल काढण्याची चाचणी करायला एका मुलाला दिवसभर बसवतो. दुसरा मार्ग?

उत्तर : त्या मुलाला उठवा. लिनक्सच्या सिसफएसमध्ये (‘/सिस’ फोल्डरात) ड्रायव्हरच्या फोल्डरात ‘अनबाइंड’ नावाची फाइल असते, तिच्यात उपकरणाच्या इंटरफेसचं नाव लिहिलं की डिस्कनेक्ट फंक्शन चालतं. उपकरणाच्या फोल्डरातल्या ‘ऑथराइज्ड’मध्ये शून्य लिहूनही तेच होतं. स्क्रिप्ट लावून रात्रभर चालवा, वाचन चालू असताना, फाइल उघडी असताना, उघडली जात असताना. चाचणीच्या कर्नलमध्ये ‘केसॅन’ हा मेमरीचा पहारेकरी चालू ठेवा, म्हणजे मोकळ्या मेमरीला हात लागला की तिथल्या तिथे ओरडेल, आठवड्याने ग्राहकाकडे नाही.

पण या दोन्ही मार्गांत उपकरण जिवंत असतं, त्यामुळे वर सिन्नरच्या मुलाला सांगितलेला, केबल निघाल्यापासून ड्रायव्हरला कळेपर्यंतचा पाव सेकंदाचा गोंधळ यात येत नाही. त्यासाठी खरा वीजपुरवठा तोडावा लागतो. ‘यूहबसीटीएल’ हे साधन हबच्या एकेका पोर्टची वीज आज्ञेवर बंद करतं. मात्र त्याला साथ देणारा हब लागतो, आणि बाजारातले बरेच स्वस्त हब ‘बंद केलं’ असं कळवतात पण वीज चालूच ठेवतात. घेताना दुकानातच मल्टिमीटर लावून बघा.